वहीत अडतीस, मशिनीत एकोणीस

आपल्या हॉस्टेलवर रात्री दोन वाजता जागं राहण्याची तीनच कारणं असतात. सबमिशन, क्रिकेटची मॅच आणि फोनवरचं 'महत्त्वाचं बोलणं'. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात मी मात्र चौथ्याच कारणासाठी जागा होतो. आमच्या गावाचा जवळजवळ निम्मा पाऊस हरवला होता. आणि तो मीच हरवला होता!

हसू नका. सगळं सांगतो.

सुरुवात झाली ती हिवरे बाजारला. मी थर्ड इयरला असताना, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये, एन.एस.एस.ची एक दिवसाची सहल तिकडे गेली होती. खरं सांगायचं तर आमच्यापैकी निम्मे जण मेसच्या भाजीपासून एक दिवस सुटका म्हणून आले होते. नगर तालुक्यातलंच गाव, जायला फार वेळही लागत नाही. गाडीत अंताक्षरी झाली, उतरल्यावर फोटो झाले आणि मग गाव दाखवणारे काका आम्हाला घेऊन डोंगराकडे निघाले.

मी पाथर्डी तालुक्यातला. उघडे डोंगर आणि डिसेंबरातच तळ दिसणाऱ्या विहिरी मला नवीन नाहीत. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या बघतच मी मोठा झालो. त्यामुळे हिवऱ्याच्या डोंगरावरची झाडं बघून मी जरा गप्पच झालो. काका सांगत होते, एके काळी हे गावही तसंच होतं. १९७२ च्या दुष्काळानं कंबरडं मोडलं, माणसं कामासाठी बाहेर पडली, दारूच्या भट्ट्या लागल्या. १९८९ मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. शिकलेला, क्रिकेट खेळणारा तरुण. मग गावानं एकेक नियम स्वतःवर लादून घेतला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. डोंगरावर सलग समतल चर खणले, ओढ्यांवर बंधारे बांधले, झाडं लावली. शेतीच्या पाण्यासाठी बोअर घ्यायचा नाही असं ठरवलं. गावाला राष्ट्रीय पातळीवरचे पुरस्कार मिळाले, २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं आपण पेपरात वाचलेलं असतं.

पण मला जे चिकटलं ते वेगळंच होतं. हे गाव पाण्याचं अंदाजपत्रक मांडतं. पाऊस किती पडला ते मोजायचं, विहिरींची पातळी बघायची, त्यावरून यंदा हाताशी पाणी किती याचा हिशेब करायचा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवायचा. पहिला हक्क माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याच्या पाण्याचा. उरेल त्यावर कोणतं पीक किती घ्यायचं ते ठरतं. पाणी कमी तर पीकही कमी पाण्याचं.

परतताना गाडीत मी मोबाईलवर गणित केलं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते होतं दहा हजार लिटर पाणी. हिवरे बाजारचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. म्हणजे गावावर नुसता एक मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे ९८ लाख लिटर पाणी आभाळातून खाली आलं! त्यातलं बरंचसं वाहून जातं, वाफ होऊन जातं, थोडंच जमिनीत मुरतं, हे खरं. पण हिशेबाची सुरुवात त्या एका मिलिमीटरपासूनच होते. आमच्या गावात तो मिलिमीटर आजवर कुणी मोजलाच नव्हता. आमच्याकडे पाऊस मोजायची दोनच मापं, 'बरा झाला' आणि 'काही खरं नाही'.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी एक प्लॅस्टिकचं पर्जन्यमापक घेऊन गेलो. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कसं वाचायचं ते दाखवलं. रोज सकाळी साडेआठ वाजता, कारण हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं. नाना सातवी शिकलेले. त्यांनी दुकानातून दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर 'श्री' लिहिलं आणि १ जूनपासून नोंदी सुरू केल्या. तारीख, पाऊस आणि शेवटी एक शेरा. 'रात्री वारं होतं.' 'ओढा आला.' 'गाय व्याली.' गाईचा आणि पावसाचा काय संबंध, असं मी विचारलं. म्हणाले, "त्या दिवसाची आठवण राहती रे."

ही झाली नानांची वही. आता माझी वही.

फायनल इयरचा प्रोजेक्ट ठरवायची वेळ आली तेव्हा मी ग्रुपपुढे हाच विषय टाकला, गावाच्या पाण्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर. चौघांपैकी दोघांना 'ए.आय.'वर काहीतरी हवं होतं, पण गाइड मॅडमना विषय आवडला आणि आमचा नाइलाज झाला! भाषा जावा, आणि माहिती साठवायला हायबरनेट.

इतर ब्रँचच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. जावामध्ये आपण सगळ्या गोष्टी ऑब्जेक्टच्या रूपात मांडतो. विहीर हा एक ऑब्जेक्ट, पावसाची नोंद हा एक ऑब्जेक्ट. पण प्रोग्रॅम बंद केला की ते सगळे नाहीसे होतात, सकाळच्या स्वप्नासारखे. ते टिकवायचे तर डेटाबेसमध्ये ठेवावे लागतात, आणि डेटाबेसला ऑब्जेक्ट कळत नाहीत. त्याला कळतात तक्ते, रकाने आणि ओळी. मग ऑब्जेक्टमधून एकेक गोष्ट काढून रकान्यात भरायची आणि परत आणताना रकान्यातून काढून ऑब्जेक्टमध्ये भरायची, ही हमाली कुणीतरी करावी लागते. ही हमाली करणारी लायब्ररी म्हणजे हायबरनेट. या टिकवण्याला 'पर्सिस्टन्स' म्हणतात. आपण ज्या कंपनीच्या कॅम्पसची वाट बघतो त्या पुण्याच्या १९९० साली सुरू झालेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्सच्या नावातही तोच शब्द आहे.

हायबरनेट म्हणजे हिवाळ्यात निपचित झोपणं. ऑब्जेक्ट झोपतो, पुन्हा जागा होतो, तसाच्या तसा. माझा रूम पार्टनर म्हणाला, "हिवऱ्याला गेलास आणि हायबरनेट घेऊन आलास!" त्याला हसू नका, कारण त्याचंही नाव आम्ही हायबरनेटवरूनच ठेवलं आहे. त्यात एक प्रसिद्ध एरर येते, 'लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन'. सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला तो उठत नाही तेव्हा आख्खी विंग दारावर थापा मारत याच नावानं हाका मारते.

हे हायबरनेट कुणी बनवलं? गॅव्हिन किंग नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या प्रोग्रॅमरनं २००१ मध्ये. त्या वेळी जावात या कामासाठी जी अधिकृत पद्धत होती, एंटिटी बीन्स, ती इतकी किचकट होती की साधी नोंद ठेवायलाही फायलींचा ढीग लिहावा लागे. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी सोपी पद्धत तयार केली आणि सोर्स कोडसकट सगळ्यांना खुली करून दिली. लोकांनी ती इतकी उचलली की २००६ मध्ये जावाचं स्वतःचं जे.पी.ए. नावाचं प्रमाण आलं, त्यावर हायबरनेटची दाट छाप होती. आज ओपनएमआरएस ही रुग्णांच्या नोंदी ठेवणारी खुली प्रणाली याच लायब्ररीच्या आधारानं चालते, आणि तिच्यावर रचलेली बाह्मनी ही प्रणाली सुरुवातीला छत्तीसगडमधल्या गनियारीच्या ग्रामीण रुग्णालयासाठी तयार झाली. म्हणजे कुठल्यातरी खेड्यातल्या पेशंटचा केसपेपर आणि माझ्या नानांचा पाऊस, दोन्ही एकाच कणगीत. एवढं सगळं आम्ही वापरलं आणि त्यासाठी दिले किती? शून्य रुपये. तेव्हा याचं मला काहीच वाटलं नव्हतं. फुकट आहे ना, घ्या!

जुलैपासून काम रुळावर आलं. नाना दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो पाठवायचे. मी आठवड्याच्या नोंदी एका शीटमध्ये टाइप करून एका दमात प्रोग्रॅमला द्यायचो. स्क्रीनवर हिरवी खूण यायची, 'माहिती यशस्वीरीत्या जतन केली आहे'. बघून छाती फुगायची. जूनची मागची पानंही तशीच भरून टाकली. ऑगस्टच्या शेवटी आमच्या तात्यांचा, म्हणजे चुलत्यांचा फोन आला. रांगड्या कांद्याचं रोप टाकायचं होतं. "कॉलेजात एवढं मशीन केलंय म्हणतो, मग सांग की, बी किती टाकू?" मी ऐटीत लॅपटॉप उघडला. म्हटलं, "तात्या, पाऊस यंदा यथातथाच आहे. जपून टाका." तात्यांनी बी निम्मंच टाकलं.

ऑक्टोबरमध्ये सुट्टीला गावी गेलो तेव्हा नानांनी मारुतीच्या पारावर पंचवीस-तीस माणसं जमवली होती. हिवऱ्यासारखा हिशेब आपणही करून बघू, म्हणून. मी लॅपटॉप उघडून आलेख दाखवला आणि सांगितलं, "१ जूनपासून आपल्याकडे एकूण २८७ मिलिमीटर पाऊस झाला. रब्बीला कांदा कमी करावा लागेल."

पारावर शांतता पसरली. मग तात्या उभे राहिले. "ओढा दोनदा पुलावरून गेला. माझ्या विहिरीला हातानं पाणी लागतंय. अन् तू म्हणतो दुष्काळ?"

मी म्हणालो, "तात्या, आकडे खोटं बोलत नाहीत."

नाना काही बोलले नाहीत. उठून घरी गेले, वही घेऊन आले आणि पारावर बसून एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागले. शेऱ्यांसकट! शेजारच्या मास्तरांनी बेरीज केली. पावसाचे दिवस अडतीस. एकूण ५१२ मिलिमीटर. मी माझ्या स्क्रीनवर नोंदी मोजल्या. एकोणीस.

आमच्या गावाचं क्षेत्र साधारण ८०० हेक्टर. एक मिलिमीटर म्हणजे ८० लाख लिटर. माझ्या प्रोग्रॅमनं खाल्लेले २२५ मिलिमीटर म्हणजे १८० कोटी लिटर. एवढं पाणी मी हिरवी खूण दाखवून गायब केलं होतं. कुणी मला रागावलं नाही, तेच जास्त लागलं. तात्या फक्त म्हणाले, "म्हंजे माझं बी वाफ्यात पडलं असतं तरी चाललं असतं." घरी येताना नाना हसत म्हणाले, "तुझ्या मशिनीत पाऊस कमी पडला का रं?" मला मात्र हसू येईना.

हॉस्टेलवर परत आलो तो डोकं तापवूनच. माझा कोड मी तीनदा वाचला, चूक दिसेना. एकेक नोंद हातानं टाकून पाहिली तर ती नीट जात होती. याच खात्रीवर तर आम्ही जुलैत 'टेस्टिंग पूर्ण' असं जर्नलमध्ये लिहिलं होतं. मग उरलं कोण? हायबरनेट! रात्री एक वाजता मी हायबरनेटच्या बग नोंदवायच्या ठिकाणी तावातावानं तक्रार लिहिली. आशय असा की तुमची लायब्ररी लोकांची माहिती गिळते, एका गावाचं नुकसान झालं, हे ताबडतोब दुरुस्त करा. सोबत काय जोडलं? स्क्रीनचा एक फोटो. झालं!

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मला वाटलं होतं की एक तर उत्तर येणारच नाही, किंवा कुणीतरी खरडपट्टी काढेल. पण चार ओळींचं शांत उत्तर होतं. त्रासाबद्दल वाईट वाटतं. पण एवढ्यावरून काही सांगता येत नाही. ही चूक दाखवणारा छोटासा टेस्ट केस जोडाल का, त्यासाठी नमुना तयार आहे. हायबरनेटवाल्यांनी असा रिकामा साचा खरंच करून ठेवला आहे. त्यात आपले एक-दोन क्लास ठेवायचे, चूक घडवून दाखवायची, बाकी काही नाही.

मला राग आला. माझ्या प्रोजेक्टचे चाळीस क्लास, त्यातलं नेमकं काय ठेवू? पण पर्याय नव्हता. ती रात्र दोन वाजताची. पार्टनर घोरतोय, पंखा करकरतोय आणि मी माझ्याच प्रोजेक्टची साल काढतोय. आधी स्क्रीन काढली. चूक तशीच. विहिरी काढल्या, आलेख काढले. चूक तशीच. शीट वाचण्याचा भाग काढून दोन नोंदी सरळ कोडमध्येच लिहिल्या. चूक तशीच! शेवटी उरले दोन छोटे क्लास, एक 'वर्ष' आणि एक 'नोंद'. वर्षाच्या पोटात नोंदींचा एक सेट. दोन नोंदी सेटमध्ये टाकायच्या, जतन करायचं, मोजायचं. उत्तर एक.

मग सहज, नुसती गंमत म्हणून, जतन करण्याच्या आधीच सेटमधल्या नोंदी मोजल्या.

एक.

मी पुन्हा चालवून बघितलं. एक! म्हणजे हायबरनेट अजून मैदानात उतरलंही नव्हतं. डेटाबेस तर लांबच. माझी नोंद जावाच्या साध्या सेटमध्येच हरवत होती, आणि हरवत होतो मी.

झालं होतं असं. दोन नोंदी 'सारख्या' आहेत की नाही हे जावाला आपणच सांगायचं असतं, इक्वल्स आणि हॅशकोड या दोन मेथड लिहून. मी लिहिलं होतं, आयडी सारखा असेल तर नोंद सारखी. ऐकायला बरोबर वाटतं. पण नव्या नोंदीला आयडी मिळतो तो जतन केल्यावर. त्याआधी तो रिकामा असतो, नल. आणि रिकामं बरोबर रिकामं! समजा, फर्स्ट इयरची मुलं पहिल्या दिवशी हॉस्टेलवर आली. अजून कुणालाच पी.आर.एन. मिळालेला नाही. रेक्टर सरांनी म्हटलं, याच्याकडे पी.आर.एन. नाही, त्याच्याकडेही नाही, म्हणजे सगळा एकच मुलगा दिसतोय. एकच कॉट द्या! माझा सेट नेमकं हेच करत होता. आठवड्यातला पहिला पाऊस आत, बाकीचे सगळे दाराबाहेर. हातानं एकेक टाकताना मात्र आधीच्या नोंदीला आयडी मिळून गेलेला असायचा, म्हणून तिथे चूक दिसत नव्हती. एकोणीस आठवड्यांत पाऊस झाला आणि एकोणीस नोंदी राहिल्या. हिशेब बरोबर जुळला.

आणि सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढेच. हायबरनेटच्या मार्गदर्शिकेत याच विषयावर एक स्वतंत्र भाग आहे. इक्वल्स आणि हॅशकोड कसं लिहावं, आयडीवर का विसंबू नये, त्याऐवजी वस्तूची जी स्वाभाविक ओळख असेल ती का वापरावी, सगळं उदाहरणांसह. कुणीतरी वेळ काढून हे माझ्यासारख्यासाठीच लिहून ठेवलं होतं. मी वाचलं नव्हतं, कारण मी मागच्या बॅचच्या प्रोजेक्टमधून कॉपी-पेस्ट केलं होतं. नानांची वही मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर होती. ती प्रत्येक ओळ तारखेवरून ओळखते, अनुक्रमांकाची वाट बघत बसत नाही.

पहाटे चार वाजता मी इक्वल्समध्ये तारीख आणि पर्जन्यमापक या दोन गोष्टी घातल्या. सगळी पानं पुन्हा भरली. अडतीस. ५१२. पार्टनरला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि कूस बदलून झोपला.

सकाळी मी तक्रारीखाली लिहिलं की चूक माझीच होती, ती अशी होती, वेळ घेतल्याबद्दल माफ करा. उत्तर आलं, सापडली हे बरं झालं, आणि कारण लिहून ठेवल्याबद्दल आभार, पुढच्याला उपयोग होईल. बस्स. तक्रार बंद.

पण माझ्या डोक्यातली तक्रार बंद झाली नाही. दिवाळीत घरी गेल्यावर नानांना सगळं सांगितलं. कोड त्यांना काय कळणार, पण ती चार ओळींची गोष्ट त्यांना बरोबर कळली. विचारलं, "ते लोक पैसे किती घेतात?"

"काहीच नाही, नाना."

"मग तू त्यांना काय देतो?"

मी गप्प. खरंच, काय देतो? तावातावानं लिहिलेली एक तक्रार!

तेव्हा हिवऱ्याचे ते काका आठवले. श्रमदानाचं सांगत होते. चर खणला डोंगरावर, पाणी वाढलं पायथ्याच्या विहिरीत. खणणाऱ्याची विहीर तिथे असेलच असं नाही. तरी खणायचं, कारण डोंगर एक आणि पाणीही एक. आणि पाणी वाढलं म्हणून कुणी बोअर मारून एकट्यानं उपसायचं नाही. हायबरनेटही तसंच सामायिक पाणी आहे. जगभरातले किती प्रोग्रॅम त्यावर चालतात; उपसणारे अमाप, खणणारे मोजके. काहींना त्यांच्या कंपन्या पगार देतात हे खरं. पण माझ्या तक्रारीला उत्तर देण्यात गेलेला वेळ शेवटी त्या मोजक्या माणसांच्याच दिवसातून गेला. अर्धवट तक्रार टाकणारा माणूस म्हणजे चराईबंदीत शेरडं सोडणारा. त्याला वाटतं, माझ्या एका शेरडानं काय होतंय!

मग आम्ही चौघांनी ठरवलं. आपल्याला हायबरनेटचा गाभा लिहिता येणार नाही, तेवढी अक्कल अजून आलेली नाही. पण पाटी-फावडं तर उचलता येईल? दर शनिवारी एक तास. दुसऱ्या कुणी नोंदवलेली, टेस्ट केस नसलेली एखादी तक्रार निवडायची. ती आपल्या मशीनवर घडते का बघायची. घडली तर छोटा टेस्ट केस बनवून जोडायचा, नव्या आवृत्तीत घडत नसेल तर तसं लिहायचं. आजवर अकरा तक्रारी बघितल्या. सहांमध्ये आम्हाला काहीच करता आलं नाही. तिघांमध्ये चूक विचारणाऱ्याचीच निघाली आणि आम्ही ती नीट समजावून सांगितली, स्वतःचे दिवस आठवून, जरा प्रेमानं! दोन टेस्ट केस मात्र खऱ्या चुकांचे होते. त्यातली एक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झाली. त्या दिवशी मेसमध्ये आम्ही एक्स्ट्रा गुलाबजाम घेतले, स्वतःच्या पैशानं.

या अकरा तासांत मी जेवढा पर्सिस्टन्स शिकलो तेवढा आख्ख्या सेमिस्टरमध्ये शिकलो नव्हतो. एक उदाहरण देतो. आमच्या प्रोग्रॅमचं विहिरींचं पान गावात मोबाईलच्या नेटवर फारच सावकाश उघडायचं. एका तक्रारीचा अभ्यास करताना कळलं की आमचा प्रोग्रॅम आधी चाळीस विहिरींची यादी आणायला एकदा डेटाबेसकडे जातो आणि मग प्रत्येक विहिरीची पातळी आणायला पुन्हा एकेकदा. एकूण एक्केचाळीस खेपा! घरात पाहुणे बसलेत आणि आपण प्रत्येक पेल्यासाठी वेगळा आडावर जातोय, तसं. एका 'जॉइन फेच'नं काम एका खेपेत झालं. दुसऱ्याची घागर उचलून देताना आपल्याच घागरीचं भोक दिसलं.

व्हायवात एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "यात तुमचं योगदान काय?" मी त्यांना प्रोग्रॅमचं एक पान दाखवलं. त्यावर आता हिरवी खूण नाही. तिथे दोन आकडे शेजारी शेजारी येतात. 'वहीतील नोंदी' आणि 'साठवलेल्या नोंदी'. पहिला आकडा वही बघून माणसानं भरायचा, दुसरा प्रोग्रॅमनं डेटाबेसमधून परत वाचून दाखवायचा. दोन्ही जुळल्याशिवाय बेरीज दिसतच नाही. सर हसले. म्हणाले, "एवढंच?" मी म्हणालो, "हो सर. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला."

ज्युनिअर मित्रांसाठी रीडिंग रूमच्या फळ्याशेजारी मी दोन पानं चिकटवली आहेत, मराठीत. वर लिहिलंय, 'हायबरनेटला शिव्या देण्याआधी वाचा'. त्यात इक्वल्सची गोष्ट आहे, पेल्यांची गोष्ट आहे आणि टेस्ट केस कसा सोलायचा ते आहे. रूम नंबर आहेच. रात्री दोनला आलात तरी चालेल, फक्त पार्टनरला उठवू नका, तो उठत नाही. आणि येताना छोटा टेस्ट केस घेऊन या. स्क्रीनचा फोटो चालणार नाही!

डिसेंबरात गव्हाचं पाणी ठरवताना तात्यांचा पुन्हा फोन आला. मला वाटलं होतं, ते मला आता काही विचारणार नाहीत. त्यांच्या त्या रिकाम्या राहिलेल्या वाफ्यांची भरपाई मी अजून केलेली नाही, आणि करता येईल असंही वाटत नाही. मी आकडा सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तात्या म्हणाले, "वहीशी ताडून पाह्यलंस का?"

"पाह्यलं तात्या. अडतीसला अडतीस."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि फोन ठेवला.

— अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी (२०२४-२५)